ओळ, रकाना आणि कोरी जागा

मराठीच्या अध्यापकाने विदागाराच्या वाटेला जाऊ नये, असे आमचे कित्येक वर्षे मत होते. ते मत बदलण्यास जो प्रसंग कारण झाला तो वरकरणी अगदी क्षुल्लक आहे. तीन आकड्यांतला मोठा आकडा कोणता, एवढाच प्रश्न होता. दुसरीतले मूलही त्याचे उत्तर देईल. आम्हांला मात्र तो नीट विचारण्यास तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत आमच्या हातून एक अन्याय होता होता राहिला. होता होता म्हणणेही पूर्णपणे खरे नाही. तो काही दिवस झालेलाच होता.

आमच्या महाविद्यालयात अंतर्गत मूल्यमापनासाठी सत्रात तीन चाचण्या घेतल्या जातात. प्रत्येक चाचणी वीस गुणांची. तिन्हींपैकी जिच्यात सर्वांत अधिक गुण असतील ती धरायची, उरलेल्या दोन सोडून द्यायच्या. हा नियम आम्हांला नेहमीच शहाणपणाचा वाटत आला आहे. एखाद्या दिवशी ताप असतो, एखाद्या दिवशी घरी श्राद्ध असते, एखाद्या दिवशी काहीच सुचत नाही. अशा दिवसांवरून माणसाची परीक्षा करू नये, असे तो नियम सांगतो. गुणवही हाती घेतली की हे काम डोळाच करतो. विद्यार्थ्याच्या नावापासून नजर उजवीकडे सरकते, तीन आकडे पाहते, मोठ्याभोवती लाल वर्तुळ काढते. मध्ये 'गै.ह.' असे लिहिलेले असले तर नजर त्यावरून उडी मारून पुढे जाते. आपण उडी मारली हे तिच्या लक्षातही येत नाही.

पुढे सर्व विभागांचे गुण एका विदागारात ठेवावेत असे ठरले. मायएसक्यूएल ही प्रणाली विनामूल्य मिळते म्हणून ती घेतली गेली, आणि आमच्या विभागात टंकलेखनाची भीती नसलेले आम्हीच एक असल्यामुळे ते काम आमच्याकडे आले. त्यापूर्वी आम्ही एक्सेल वापरत असू. तेथे 'मॅक्स' म्हणून तीन चौकटी दाखवल्या की तो त्यांतला मोठा आकडा काढून देई, कोरी चौकट असल्यास ती वगळी. आमची समजूत अशी की विदागारातही हेच होणार.

तेथे 'मॅक्स' आहे, पण तो आडवा चालत नाही. त्याला तीन रकान्यांची नावे दिली तर तो चूक दाखवून थांबतो. एकेक रकाना दिला तर त्या रकान्यातला वरपासून खालपर्यंतचा मोठा आकडा देतो. आम्ही तीन वेळा तसे करून पाहिले आणि तीन आकडे मिळाले: पहिल्या चाचणीतले उच्चांकी गुण, दुसरीतले आणि तिसरीतले. तीन आकडे तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे होते. आम्ही विचारले होते की या मुलीचे सर्वांत चांगले काय. उत्तर मिळाले की त्या दिवशी सर्वांत पुढे कोण होते. दोन्ही प्रश्नांत 'सर्वांत' हा शब्द आहे, परंतु त्यातले 'सर्व' निराळे आहेत.

आमच्या भाषेला याची जाण फार पूर्वीपासून आहे, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले. संस्कृतात 'लघु'पासून 'लघुतम' होते. विशेषणाला प्रत्यय लागला की काम झाले. रोजच्या मराठीत तशी सोय नाही. आपण 'सर्वांत लहान' म्हणतो, 'भावंडांत थोरली' म्हणतो, 'गावात उंच' म्हणतो. कोणत्या समूहात, ते सप्तमीने सांगावे लागते. समूह बदलला की थोरली धाकटी होते. वर्गात हे आम्ही व्याकरणाचा नियम म्हणून कितीदा तरी शिकवले. तो विचाराचाही नियम आहे, हे यंत्राने शिकवले.

विदागार उभ्या रकान्यालाच का ओळखते, यामागे कारण आहे. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड या गणितज्ञाने माहितीच्या साठ्याची एक नवी मांडणी सुचवली. तीत प्रत्येक तक्ता हा गणितातला 'संबंध' मानलेला आहे. आमच्यासारख्याने ते असे समजून घ्यावे की तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे एक विधान असते आणि रकाने म्हणजे त्या विधानातल्या भरावयाच्या जागा. 'अमुक क्रमांकाची, अमुक नावाची, अमुक दिवशी जन्मलेली विद्यार्थिनी' हे एक वाक्य आहे. एका रकान्यात सर्व जन्मतारखाच असतात, म्हणून त्यांची आपसांत तुलना होऊ शकते. ओळीत मात्र नाव, तारीख, क्रमांक शेजारी शेजारी बसलेले असतात. नाव मोठे की जन्मतारीख मोठी, हा प्रश्नच संभवत नाही. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या मांडणीसाठी जी प्रश्न विचारण्याची भाषा सिद्ध केली आणि जी पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली, तिच्यात म्हणूनच 'मॅक्स' उभा चालतो. जुन्या वहीखात्यांतली उभी बेरीज जशी आपोआप होई आणि आडव्या बेरजेसाठी कारकुनाला मुद्दाम बसावे लागे, तसेच हे.

आडव्या तुलनेसाठी 'ग्रेटेस्ट' नावाचे निराळे साधन आहे, असे संगणकशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांनी सांगितले. त्याला रकान्यांची नावे एकेक करून द्यावी लागतात, म्हणजे यांची तुलना करणे अर्थपूर्ण आहे ही जबाबदारी विचारणाऱ्याने घ्यायची. आम्ही ती आनंदाने घेतली. उत्तर आले, त्यात नऊ गुण अठरांपेक्षा मोठे होते, आणि जे विद्यार्थी एखाद्या चाचणीला आलेच नव्हते त्यांचे सर्वोत्तम गुण 'गै.ह.' असे होते. सर्व आकड्यांहून अनुपस्थिती श्रेष्ठ ठरली होती. आम्ही हसलो, पण दोष आमचाच होता. 'गै.ह.' लिहिता यावे म्हणून आम्ही ते रकाने अक्षरांचे ठेवले होते, आकड्यांचे नव्हे. अक्षरांची तुलना कोशातल्यासारखी होते. पहिले चिन्ह आधी पाहिले जाते. एकापुढे नऊ येतो, म्हणून अठरापुढे नऊ. आणि वर्णक्रमात आकडे आधी, अक्षरे मागून, म्हणून 'गै.ह.' सर्वांच्या पुढे.

मग आम्ही रकाने आकड्यांचे केले. आकड्यांच्या रकान्यात 'गै.ह.' बसत नाही, म्हणून त्या जागा कोऱ्या सोडल्या. विदागारात कोऱ्या जागेला 'नल' म्हणतात. आता सर्व काही सुरळीत झाले, असे आम्हांला वाटले. पुढची पायरी सोपी होती. सर्वोत्तम गुण आठ किंवा अधिक असतील तर यादीत 'पात्र' छापायचे, एरवी 'अपात्र'. ही यादी सूचनाफलकावर लागली. ते मे २०२२ होते.

त्या सत्रात काय घडले होते ते येथे सांगितले पाहिजे. एसटी कर्मचाऱ्यांचा जो संप २०२१ च्या अखेरीस सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आमची निम्मी मुले आसपासच्या गावांतून येणारी. पहिल्या चाचणीला ती वडापच्या जीपने, कोणाच्या दुचाकीवर मागे बसून, काही तर पायी आली. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी सतरा जण पोहोचू शकले नाहीत. तिसरी चाचणी संप मिटल्यावर झाली. सर्वोत्तम धरण्याचा नियम जणू अशाच सत्रासाठी केलेला होता.

यादी लागल्यावर तिसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी विभागात आली. ती तक्रार घेऊन आली नव्हती. दाराशी थांबून तिने विचारले, "सर, मग मी आता पुढच्या वर्षी परत बसायचं का?" आम्ही यादी काढली. तिच्या नावापुढे 'अपात्र' होते आणि गुणांची जागा कोरी होती. आम्ही म्हणालो, "यादीत तर तुझे गुणच दिसत नाहीत. चाचण्या दिल्या होत्यास ना?" हे वाक्य आम्ही उच्चारले याची आम्हांला आजही लाज वाटते. पहिल्या चाचणीत तिने ओवी आणि अभंग यांच्या रचनाभेदावर जे उत्तर लिहिले होते ते आम्ही दुसऱ्या तुकडीत वाचून दाखवले होते. वीसपैकी एकोणीस गुण आम्ही स्वतः दिले होते. ती समोर उभी असताना आम्हांला ते आठवले नाही, कारण आम्ही तिच्याकडे पाहत नव्हतो, यादीकडे पाहत होतो.

ती खाली मान घालून म्हणाली, "दोन दिल्या, सर. दुसरीला गाडी नव्हती."

गुणवही उघडली. एकोणीस, मग गै.ह., मग चौदा. आणि एकोणिसाभोवती लाल वर्तुळ. 'अपात्र' ठरलेल्या नावांवरून बोट फिरवत गेलो तर त्या सतरांपैकी प्रत्येकाची गत तीच होती. उरलेल्या सोळांपैकी कोणीही विचारायला आले नव्हते. छापील यादीत आले म्हणजे ते खरेच असणार, असे त्यांनी धरले होते.

काय घडले होते ते त्या सायंकाळी उलगडले. मायएसक्यूएलमध्ये 'ग्रेटेस्ट'ला दिलेल्या रकान्यांपैकी एक जरी कोरा असला तरी उत्तर कोरे येते. ओरॅकलमध्येही तसेच. पोस्टग्रेसक्यूएल मात्र कोऱ्या जागा वगळून उरलेल्यांतला मोठा आकडा देते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे साधन २०२२ च्या आवृत्तीत आले, आणि तेही कोरे वगळते. एसक्यूएलच्या २०२३ च्या प्रमाणभाषेत 'ग्रेटेस्ट'चा समावेश झाला तेव्हा कौल पहिल्या बाजूला मिळाला: एक कोरे तर उत्तर कोरे. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ का व्हावेत, याचा आम्ही पुष्कळ विचार केला, आणि दोन्ही बाजूंना त्यांचा त्यांचा तर्क आहे असे दिसले.

'नल' म्हणजे 'ठाऊक नाही', असे मानले तर यंत्राचे म्हणणे अगदी प्रामाणिक आहे. एकोणीस आणि चौदा हे ठाऊक आहेत, तिसरा आकडा ठाऊक नाही. तो वीसही असू शकेल. मग सर्वांत मोठा कोणता हे कसे सांगावे? ठाऊक नाही, हेच खरे उत्तर. पण ती मुलगी दुसऱ्या चाचणीला आलीच नव्हती. तेथे न कळलेला आकडा नव्हता. तेथे आकडाच नव्हता. अज्ञान निराळे आणि अभाव निराळा. वैशेषिक परंपरेत पुढे अभावाला सातवा पदार्थ मानले गेले आणि त्याचे चार प्रकार सांगितले गेले, ते उगाच नव्हे. जमिनीवर घट नाही, हे एक निश्चित ज्ञान आहे. घट आहे की नाही ते माहीत नाही, हा संशय. कॉडलाही पुढे हा भेद जाणवला. १९९० साली आपल्या ग्रंथात त्याने असलेली पण न मिळालेली माहिती आणि मुळात लागूच नसलेली माहिती यांच्यासाठी दोन निराळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलने त्या स्वीकारल्या नाहीत. दोन्हींना एकच कोरी जागा मिळाली.

परंतु यंत्राचा दोष येथे संपतो. त्याने 'ठाऊक नाही' म्हटले होते. 'अपात्र' म्हटले नव्हते. ते आम्ही म्हटले. आठ किंवा अधिक असतील तर पात्र, एरवी अपात्र, हे वाक्य आमचे होते. 'ठाऊक नाही' हे आठांहून अधिक आहे का, याचेही उत्तर 'ठाऊक नाही' असेच येते; ते 'होय' नाही, म्हणून सारे 'एरवी'च्या खात्यात जाऊन पडले. त्या एका 'एरवी'त जे नापास झाले ते आणि ज्यांच्याविषयी आम्हांला काही सांगता येत नव्हते ते, असे दोघेही एकत्र भरले गेले. भाषेच्या अध्यापकाने निदान हा एक शब्द तरी तपासून घ्यायला हवा होता.

उपाय म्हणून आम्ही आधी सर्वजण करतात ते केले. 'कोअलेस' नावाच्या साधनाने प्रत्येक कोऱ्या जागी शून्य धरले. सतरांपैकी सतराही जण पात्र ठरले. गुण कधी उणे नसतात, म्हणून मोठा आकडा शोधताना शून्याने बिघडत नाही. तेच सर्वांत लहान आकडा किंवा सरासरी काढायची असती तर ते शून्य त्या मुलांना पुन्हा खाली ओढून गेले असते. आणि हिवाळ्यातल्या द्रासचे उणे अंशांतले तापमान असते तर न नोंदवलेला दिवसच सर्वांत उबदार ठरला असता. शिवाय एक विद्यार्थी तिन्ही चाचण्यांना आला नव्हता. त्याच्या नावापुढे आता शून्य दिसू लागले. शून्य म्हणजे तो आला, बसला, आणि त्याला काहीही आले नाही. तो तर शिक्षण सोडून पुण्याला कामाला गेला होता. त्याच्याविषयी असे खोटे विधान आमच्या नावाने छापले जाणे आम्हांला रुचले नाही.

या सगळ्यात आम्हांला आमच्याच विषयातली एक जुनी सवय ओळखू आली. बालकवी १९१८ साली वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात गेले. कुसुमाग्रज १९१२ साली जन्मले आणि १९९९ पर्यंत जगले. कवींचा तक्ता करून दशकांचे रकाने पाडले तर एकाची ओळ जवळजवळ भरलेली दिसेल आणि दुसऱ्याच्या ओळीत दोन रकान्यांपुढे सारे कोरे. आपण वर्गात याचे काय करतो? कधी म्हणतो, बालकवी जगते तर काय लिहिते कोण जाणे. म्हणजे कोऱ्या जागेला 'ठाऊक नाही' मानतो, आणि मग जे लिहिले त्याविषयीचा निर्णयही लांबणीवर टाकतो. कधी एकूण कामगिरीचा हिशेब मांडतो आणि न लिहिलेल्या दशकांचे शून्य त्यांच्या खात्यावर घालतो. दोन्ही वेळा जी कविता समोर आहे ती वाचायची राहून जाते. त्या कोऱ्या जागा ना अज्ञात आहेत ना शून्य. तेथे कवी नव्हता, एवढेच. जे रकाने भरलेले आहेत त्यांतले उत्तम काय, हा प्रश्न त्यामुळे जराही अडत नाही. 'असते तर' या शब्दांवर संपणारे किती निबंध आम्ही आजवर चांगले गुण देऊन तपासले, ते आठवून अस्वस्थ वाटले.

आणखी एक उणीव येथेच सांगून टाकतो. 'ग्रेटेस्ट' मोठा आकडा देतो, पण तो कोणत्या रकान्यातला हे सांगत नाही. एकोणीस हे कळते. ते ओवी-अभंगाच्या उत्तराचे, हे कळत नाही. समीक्षकाला तर दुसरेच हवे असते.

शेवटी त्या सहकाऱ्यांनी जो मार्ग दाखवला तो तक्ताच बदलण्याचा होता. चाचणी एक, चाचणी दोन, चाचणी तीन असे रकाने पाडावे लागले, तेथेच खरी चूक होती, असे ते म्हणाले. एकाच जातीच्या गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की आडवे चालावे लागते. त्यांना एकाखाली एक येऊ द्यावे. आता आमच्या तक्त्यात तीनच रकाने आहेत: हजेरी क्रमांक, चाचणीचा क्रमांक, गुण. प्रत्येक दिलेल्या चाचणीची एक ओळ. त्या मुलीच्या नावावर दोन ओळी आहेत. न दिलेल्या चाचणीची ओळच नाही. म्हणून कोरी जागाही नाही, शून्यही नाही. विद्यार्थीवार गट केले की साधा उभा 'मॅक्स' पुरतो, आणि त्या ओळीपाशी गेले की ती कोणती चाचणी होती तेही कळते. उद्या चौथी चाचणी घ्यायची ठरली तर तक्त्याला हात लावावा लागणार नाही.

दुरुस्त यादी लागली तेव्हा परीक्षेचा अर्ज विनादंड भरण्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. सतराजणांचे विलंबशुल्क विभागाने भरावे असा आम्ही आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्या मुलीने मात्र आधीच उसनवारी करून ते भरले होते. आम्ही पैसे परत करू लागलो तेव्हा ती म्हणाली, "असू दे, सर. नाव आलं ना यादीत." आम्ही ते तिच्या हाती दिलेच, पण ज्या सुरात ती हे बोलली तो सुर अजून कानांतून गेलेला नाही.

आमच्या यादीच्या शेवटच्या रकान्यात आता दोनाऐवजी तीन नोंदी येऊ शकतात: 'पात्र', 'अपात्र' आणि 'चौकशी करावी'. एरवीच्या खात्यात आम्ही आता ही तिसरी नोंद ठेवली आहे. ती दिसली की आम्ही यंत्र बाजूला सारतो, गुणवही उघडतो आणि त्या विद्यार्थ्याला बोलावणे पाठवतो.